कच्चा रस्ता राखण्यासाठी ट्रॅक्टर: हायड्रोलिक आणि अवजारं कशी निवडायची

मुरमाचा किंवा खडीचा रस्ता चाकांनी झिजतो, पण मोडतो तो पाण्याने. कासवाच्या पाठीसारखा मधे उंच असलेला रस्ता पाणी कडेला टाकतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. सपाट झालेला रस्ता एका जोराच्या पावसात चाकोरीतून ओढ्यासारखा वाहतो. म्हणून ट्रॅक्टर आणि अवजार निवडताना पहिला प्रश्न किती एचपी हा नसावा. पात्याचा एक कोपरा बसल्या जागेवरून दोन-तीन सेंटीमीटर खालीवर करता येतो का, हे आधी विचारा. तो ताबा नसेल तर ६० एचपीचा ट्रॅक्टरही रस्ता फक्त सपाट करतो, आणि सपाट रस्ता म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच काम.

आधी रस्ता मोजा

कच्च्या रस्त्याला मधून कडेकडे ४ ते ६ टक्के उतार लागतो. ३ मीटर रुंद रस्त्यात मध्यापासून कड १.५ मीटरवर येते. ४ टक्क्यांनी ती मध्यापेक्षा ६ सेंटीमीटर खाली हवी, ६ टक्क्यांनी ९. मोजायला १.२ मीटरची सरळ फळी आणि वर ठेवायला गवंड्याची लेव्हल बॉटल पुरते. फळीचं एक टोक मध्यावर टेकवा, बुडबुडा मधोमध येईपर्यंत दुसरं टोक उचला आणि त्या टोकाखालची फट मोजा. ५ सेंटीमीटर फट म्हणजे ४ टक्क्यांच्या किंचित वर. ३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी त्या जागी रेंगाळणार. दर २० मीटरला हे माप घेऊन लिहून ठेवा, अवजाराची निवड त्यावरच ठरते. पाठ शाबूत आहे आणि वर नुसत्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा आहेत, तर हलकं काम. पाठच गेली आहे आणि कडेला गवताचा वरंबा चढला आहे, तर कोनात फिरणारं पातं आणि बाजूचा तिरपेपणा हवा.

चढाचे टप्पेही पाहा. ५ टक्के चढावर साधारण ४० मीटरला आणि १० टक्के चढावर साधारण २५ मीटरला पाणी रस्त्याबाहेर काढणारी तिरकी आड सरी लागते. तीही याच पात्याने काढायची असते.

थ्री पॉइंट लिफ्ट

ट्रॅक्टरच्या मागची लिफ्ट अवजार तीन जागी धरते: खाली दोन लोअर लिंक, वर एक टॉप लिंक. तिला दोन लिव्हर असतात, पोझिशन कंट्रोल (लिव्हर ठेवाल त्या उंचीवर अवजार धरतो) आणि ड्राफ्ट कंट्रोल. नांगराला ड्राफ्ट लागतो: जमीन कडक लागली की लिफ्ट आपोआप थोडी उचलते आणि इंजिनावरचा ताण कमी होतो. रस्त्यावर हाच गुण घात करतो. पातं कडक जागी लागलं की ड्राफ्ट ते उचलतो, मऊ जागी सोडतो, आणि मागे लाटांची रांग उरते. रस्त्याच्या कामात ड्राफ्टचा लिव्हर निष्क्रिय जागेवर ठेवा आणि सगळं काम पोझिशनवर करा. स्वतंत्र पोझिशन कंट्रोल नसलेला जुना ट्रॅक्टर या कामासाठी घेऊ नये.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ही लिफ्ट फक्त उचलते, खाली दाबत नाही. पातं जमिनीत शिरतं ते स्वतःच्या वजनाने आणि कटिंग एजच्या, म्हणजे खालच्या धारेच्या पट्टीच्या कोनाने. म्हणून हलकं पातं घट्ट मुरमावर नुसतं खरडत जातं. १.८ मीटर रुंदीच्या अवजाराचं वजन निदान २५० ते ३०० किलो असावं. पातळ पत्र्याचं, दिसायला रुंद पण वजनाला हलकं अवजार स्वस्त पडतं आणि कडक रस्त्यावर काही कापत नाही.

लिफ्टची क्षमता वाचताना ती कुठे मोजली आहे ते पाहा. काही ठिकाणी लोअर लिंकच्या टोकाच्या गोळ्यांपाशीचा आकडा देतात, काही ठिकाणी तिथून ६१० मिलीमीटर मागचा. मागचा आकडा गोळ्यांपाशीच्या आकड्याच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश येतो. अवजाराचं वजन तिथेच कुठेतरी लटकतं, म्हणून तोच आकडा धरा. लिफ्टने उचललं तरी काम संपत नाही, पुढची चाकं जमिनीवर राहिली पाहिजेत. अवजार उचललेलं असताना पुढच्या अॅक्सलवर एकूण वजनाचा किमान पाचवा भाग राहिला नाही तर स्टिअरिंग हलकं होतं आणि उतारावर ट्रॅक्टर वळत नाही. पुढे वजनाच्या प्लेटा लावा.

पिनांची जाडी जुळवून घ्या. कॅटेगरी १ मध्ये लोअर लिंकची पिन सुमारे २२ मिलीमीटर आणि टॉप लिंकची १९. कॅटेगरी २ मध्ये २८ आणि २५. मोठ्या गोळ्यात बारीक पिन घालून काम चालवलं की प्रत्येक वळणावर पातं ५-६ मिलीमीटर हलतं आणि पिन लवकरच अंडाकृती भोक पाडते. बुशिंग स्लीव्ह घालणं हा दहा मिनिटांचा उपाय आहे.

लोअर लिंक आडव्या हलू न देणारी चेक चेन किंवा स्टॅबिलायझर आवळून ठेवा. कोनात लावलेलं पातं बाजूला ढकललं जातं, आणि चेन सैल असेल तर पात्याचं टोक टायरला घासतं. काही ट्रॅक्टरच्या लिफ्ट रॉडमध्ये (लोअर लिंक उचलणाऱ्या दांड्यात) खालच्या पिनेला लांबट खाच असते, रोटाव्हेटरसारखं अवजार जमिनीप्रमाणे झुलावं म्हणून. पात्यासाठी तिथली पिन घट्ट भोकात घाला, नाहीतर लेव्हलिंग बॉक्स (लिफ्ट रॉडची लांबी बदलणारं हँडल) फिरवून दिलेला तिरपेपणा खाचेतच जिरतो.

टॉप लिंक आणि साइड लिंक हायड्रोलिक करा

पैसे मोजून लावायची पहिली भर हीच: टॉप लिंकच्या आणि एका बाजूच्या लिफ्ट रॉडच्या (साइड लिंक) जागी सिलेंडर. समजा ४ टक्के उतार हवा आहे. १.८ मीटरच्या पात्यात दोन टोकांमध्ये ७ सेंटीमीटरचा फरक लागेल. लोअर लिंकमधलं अंतर कॅटेगरी १ मध्ये साधारण ६८ सेंटीमीटर, म्हणजे गोळ्यांपाशी फरक पावणेतीन सेंटीमीटर. लिफ्ट रॉड लोअर लिंकच्या मध्याच्या आसपास जोडलेला असतो, म्हणून रॉडची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर बदलते. एवढंसं काम लेव्हलिंग बॉक्सच्या हँडलनेही होतं, मग सिलेंडर कशाला?

कारण ट्रॅक्टर स्वतः रस्त्यावर उभा आहे. सपाट रस्त्यावर पहिल्या फेरीत पूर्ण तिरपेपणा द्यावा लागतो. पाठ तयार होऊ लागली की ट्रॅक्टर तिच्यावरच तिरका चालतो, आणि तोच तिरपेपणा ठेवला तर कडेला जादा खोल कापलं जातं. तिसऱ्या फेरीपर्यंत तो जवळजवळ शून्यावर आणावा लागतो. त्याच बाजूवरून उलट दिशेने परत आलं तर तिरपेपणाही उलटा. फाट्याजवळ, मोरीवर, वळणाच्या आतल्या बाजूला पुन्हा वेगळा. दर वेळी खाली उतरून हँडल फिरवणारा माणूस तिसऱ्या फेरीनंतर फिरवणं सोडून देतो, आणि रस्ता बिघडतो तो तिथे.

यासाठी ट्रॅक्टरला दोन डबल अॅक्टिंग व्हॉल्व्ह (सिलेंडर ढकलणारे आणि ओढणारेही) हवेत, एक टॉप लिंकला, एक साइड लिंकला. पुढे लोडर किंवा कोन बदलणारं पातं येणार असेल तर तिसरा आत्ताच मागा. सिंगल अॅक्टिंग व्हॉल्व्ह ट्रॉली उचलायला ठीक, इथे निरुपयोगी.

सिलेंडर निवडताना बोअरपेक्षा, म्हणजे आतल्या व्यासापेक्षा, लांबी जास्त चुकते. साइड लिंकचा सिलेंडर अर्धा उघडा असताना त्याची पिन ते पिन लांबी दुसऱ्या बाजूच्या लिफ्ट रॉडइतकी असावी, म्हणजे दोन्हीकडे सारखी वाट मिळते. टॉप लिंकचंही तसंच: अवजार जमिनीवर समपातळीत ठेवा, सध्याच्या टॉप लिंकची लांबी मोजा, आणि ती लांबी सिलेंडरच्या मधल्या स्ट्रोकला, म्हणजे रॉड अर्धा बाहेर असताना, येईल असा घ्या. २०० मिलीमीटर स्ट्रोक बहुतेक कामांना पुरतो. बंद लांबी जास्त असलेला सिलेंडर घेतला तर बॉक्स ब्लेड (पेटीसारखं पातं) पुढे झुकणारच नाही, आणि ही चूक बसवल्यावरच कळते.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. ६३ मिलीमीटर बोअरचं क्षेत्रफळ ३१ चौरस सेंटीमीटर. १८० बार दाबाला तो सुमारे साडेपाच टन ढकलतो. ३० मिलीमीटरचा रॉड असेल तर ओढायला चार टनांच्या वर. छोट्या आणि मध्यम ट्रॅक्टरला एवढं भरपूर आहे.

खरी अडचण वेगाची. ६३ बोअर आणि २०० स्ट्रोकच्या सिलेंडरमध्ये सुमारे ६२० मिलीलिटर तेल मावतं. मिनिटाला ४० लिटर देणारा पंप ते एका सेकंदात भरतो. लिव्हरला बोट लागलं की पातं दहा सेंटीमीटर उडी मारतं. हवा तो वेग सेकंदाला ३ सेंटीमीटर, त्यासाठी मिनिटाला साडेपाच-सहा लिटर बस. दोन्ही होजमध्ये कमीजास्त करता येणारा फ्लो कंट्रोल लावा. नुसतं छिद्राचं रिस्ट्रिक्टर लावायचं तर पूर्ण दाबाला १ मिलीमीटरच्या छिद्रातून साधारण तेवढंच तेल जातं, पण ते कचऱ्याने तुंबतं, म्हणून काढून साफ करता येईल अशा जागी बसवा.

दोन्ही सिलेंडरवर लॉक व्हॉल्व्ह हवा, म्हणजे लिव्हर सोडला की तेल अडवून धरणारा पायलट ऑपरेटेड चेक व्हॉल्व्ह, आणि तो सिलेंडरच्या अंगावरच. लिव्हरचा स्पूल व्हॉल्व्ह नवा असला तरी थोडं तेल गळू देतो. लॉक नसेल तर शंभर मीटरच्या फेरीत साइड लिंक हळूहळू सरकते, आणि सुरुवातीला ६ सेंटीमीटर असलेली पाठ शेवटी ३ वर येते. माणूस स्वतःला दोष देतो, चूक मात्र तेलाची असते.

शेवटचा तुकडा अगदी स्वस्त: सिलेंडरच्या नळीवर क्लॅम्पने एक जाड तार बसवा, ती रॉडला समांतर पुढे येऊ द्या आणि रॉडच्या डोळ्याजवळ तिच्यावर तीन रंगांच्या खुणा करा. शून्य, उजवा उतार, डावा उतार. सीटवरून मान वळवली की पातं कुठे आहे ते दिसतं. अंदाजाने केलेली पाठ प्रत्येक फेरीत वेगळी येते.

पंप, व्हॉल्व्ह, होज

माहितीपत्रकातला लिटरचा आकडा पूर्ण इंजिन वेगाला असतो. रस्त्याचं काम १४०० ते १६०० आरपीएमवर होतं, तिथे तेल त्याच प्रमाणात कमी मिळतं. स्टिअरिंगचा पंप वेगळा असेल तर दोन्ही आकड्यांची बेरीज छापलेली असू शकते, अवजाराला मिळणारा आकडा वेगळा विचारा. पात्याच्या सिलेंडरांना २० लिटर पुष्कळ. लोडरला ३० ते ४० असले की काम रेंगाळत नाही. हायड्रोलिक मोटरवर चालणारी झुडूप कापणी मात्र सतत तेल खाते. ४० लिटर आणि १८० बार म्हणजे १२ किलोवॅट, तेही नुकसान वजा जाण्याआधी, आणि ते सगळं नुकसान तेल तापवतं. कडेचं गवत कापायला पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारं फ्लेल मोव्हर घ्या.

जादा व्हॉल्व्ह नंतर बसवणाऱ्यांची एक चूक महागात पडते. ओपन सेंटर ट्रॅक्टरमध्ये (ज्यात पंपाचं तेल सतत फिरत राहतं) पहिल्या व्हॉल्व्हच्या परतीच्या तोंडातून दुसऱ्याला तेल देतात. परतीचं तोंड दाब सहन करायला बनवलेलं नसतं, दुसऱ्या व्हॉल्व्हवर भार आला की पहिल्याची बॉडी तडकू शकते. पहिल्या व्हॉल्व्हमध्ये पॉवर बियाँड स्लीव्ह बसवून तीन वेगळ्या लाइन ठेवा: दाब आत, दाब पुढे, आणि टाकीला परत.

होज दोन तारांच्या विणीची घ्या. अर्ध्या इंचाची एकतारी वन एसएन होज १६० बारची, दोनतारी टू एसएन २७५ बारची. १८० बारच्या ट्रॅक्टरवर एकतारी होज म्हणजे फुटायची वाट पाहणं. लांबी ठरवताना लिफ्ट पूर्ण वर, पूर्ण खाली आणि सिलेंडर दोन्ही टोकांना नेऊन बघा. ताणलेली होज फिटिंगपाशी फुटते, लोंबणारी टायरखाली जाते.

क्विक कपलर उन्हात तापले की आतल्या तेलाचा दाब वाढतो आणि जोड बसत नाही. अवजार सोडताना इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे दोन-तीनदा हलवा, मग कपलर काढा, टोप्या घाला, आणि जोड्यांना रंगीत टेप लावा. कपलरच्या नाकावरची चिमूटभर धूळ पुसली नाही तर ती थेट गिअरबॉक्सच्या तेलात जाते, कारण बहुतेक ट्रॅक्टरमध्ये दोन्हींचं तेल एकच असतं. त्याच कारणाने, नवे सिलेंडर भरल्यावर तेलाची पातळी पुन्हा तपासा.

कोणतं अवजार कशासाठी

*बॅक ब्लेड.* एकच घ्यायचं असेल आणि पाठ गेलेली असेल तर हे. कोन, तिरपेपणा आणि बाजूला सरकवणं या तिन्ही हालचाली असलेलं घ्या. पातं ३० ते ४५ अंश कोनात ठेवलं की कडेचा माल गुंडाळत मधे सरकतो. कोन कमी असेल तर माल पात्यापुढे साठतो आणि टोकांवरून सांडतो. कोनात फिरवल्यावर रुंदी घटते: १.८ मीटरचं पातं ४५ अंशात जेमतेम १.२७ मीटर झाकतं. टायरच्या बाहेरच्या कडा झाकल्या गेल्या पाहिजेत, म्हणून बऱ्याच ट्रॅक्टरना २.१ मीटरचं पातं योग्य ठरतं, आणि ते ओढायला ५० एचपीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं वजन लागतं. चर काढायलाही हेच: एक टोक २० ते ३० अंश खाली करून इंग्रजी व्ही आकाराचा चर, तळ रस्त्याच्या कडेपेक्षा ३० सेंटीमीटर खाली.

या पात्याचा दोष भूमितीत आहे. समजा ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १.९ मीटर आणि पातं मागच्या अॅक्सलपासून १.२ मीटर मागे. पुढची चाकं १० सेंटीमीटर खड्ड्यात उतरली की पातं ६ सेंटीमीटर वर उचललं जातं. मग मागची चाकं त्याच खड्ड्यात येतात आणि पातं १६ सेंटीमीटर खाली बसतं. एका खड्ड्याचा एक उंचवटा आणि एक खोल ओरखडा होतो. पात्यामागे उंची धरणारं गेज चाक असेल तर हे बरंच आवरतं. नसेल तर मोठे खड्डे आधी भरून दाबा, मगच पातं लावा.

*बॉक्स ब्लेड.* दोन बाजूंच्या भिंतींमध्ये माल धरून पुढे नेतो, उंचवटा कापून खळग्यात सोडतो. टॉप लिंक आखूड केली की पेटी पुढे झुकते, पुढची धार आणि रिपर दात खणतात. लांब केली की मागची धार टेकते आणि सपाटी येते. शिकणाऱ्याची सवयीची चूक म्हणजे टॉप लिंक खूप आखूड ठेवून जोरात ओढणं, पेटी भरते, पुढची चाकं हलकी होतात आणि रस्त्यात खोल पायरी पडते. १.५ मीटरला २५ ते ३५ एचपी, १.८ मीटरला ३५ ते ५०. दात खाली ठेवून मागे ढकलू नका, दातांच्या खोबण्या आणि लिफ्टचे हात दोन्ही वाकतात.

*लँड प्लेन.* दोन आडवी पाती आणि दीड-दोन मीटर लांबीचे स्किड, म्हणजे जमिनीवर घसरत जाणाऱ्या बाजूच्या पट्ट्या. स्किड लांब असल्यामुळे ते लाटांवरून पुलासारखे जातात, वरची भूमितीची अडचण इथे येत नाही. पाती स्किडच्या तळापेक्षा ६ ते १२ मिलीमीटर खाली ठेवा, लिफ्टचा लिव्हर पूर्ण खाली सोडून अवजार मोकळं तरंगू द्या, टॉप लिंक स्किड पुढेमागे सारखे टेकतील इतकीच. पाठ शाबूत असलेल्या रस्त्याला वर्षातून दोन-तीनदा हे फिरवलं की पुरतं, आणि नवखा माणूसही रस्ता बिघडवत नाही. पाठ नव्याने उभी करायला मात्र हे एकटं पुरत नाही.

*पुढचं लोडर* माल पसरायला उपयोगी. क्षमतेचा आकडा बादलीच्या पिनांपाशी की अर्धा मीटर पुढे मोजला ते विचारा. ०.३ घनमीटर ओला मुरूम म्हणजे साधारण ५४० किलो, वर बादलीचं वजन. मागे बॉक्स ब्लेड किंवा वजन लावल्याशिवाय भरलेली बादली उचलू नका, मागची चाकं उचलली की ब्रेकही जातात. लोडरच्या व्हॉल्व्हला फ्लोट (बादली जमिनीप्रमाणे मोकळी खालीवर होऊ देणारी जागा) असावा. पण लोडरच्या बादलीने रस्ता सपाट करण्याच्या भानगडीत पडू नका: बादली पुढच्या चाकांच्याही पुढे असते, प्रत्येक हिसका मोठा होऊन जमिनीत उतरतो.

रोलर भाड्याने मिळत असेल तर विकत घेऊ नका. टायरमध्ये व्हॉल्व्हच्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे ७५ टक्के पाणी भरलं तर पकड आणि दाब दोन्ही वाढतात.

कामाचा क्रम

ओल बरोबर असताना काम करा. मुठीत मुरूम दाबा: गोळा झाला, बोटांना चिकटला नाही आणि पाणी सुटलं नाही, तर योग्य. साधारण पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी ही वेळ येते. कोरड्या मुरमाची धूळ होते आणि ती पुढच्या वाऱ्यात उडून जाते, आणि तीच बारीक माती खडीला धरून ठेवत असते. चांगल्या मालात ८ ते १५ टक्के बारीक माती हवी. धुतलेली गोल वाळू-खडी कितीही दाबली तरी बांधली जात नाही.

कडेचा वरंबा आधी कापा. तो ठेवून मधे पाठ केली तर पाणी कडेला अडतं आणि रस्त्याला समांतर वाहतं. गवताची मुळं असलेला थर बाहेर टाका, रस्त्यात मिसळू नका, कुजून तिथे खड्डा होतो.

लाटा आणि खड्डे असतील तिथे रिपर दात त्यांच्या तळापर्यंत उतरवा. लाट ५ सेंटीमीटर खोल असेल तर दात ५ ते ७ सेंटीमीटर हवेत. वरवर भरलेला खड्डा पहिल्या पावसात पुन्हा उघडतो, कारण खालची कडक वाटी तशीच राहते आणि तिच्यात पाणी साठतं.

मग कडेकडून मधे, पात्याच्या कोनाने, एक बाजू आणि परतीला दुसरी. वेग ताशी ५ ते ८ किलोमीटर, त्याच्या वर पातं उड्या मारतं आणि नव्या लाटा तयार होतात. वळताना पातं उचला. दोन फेऱ्यांनंतर फळी लावून फट मोजा, मग तिरपेपणा कमी करा.

नवा माल घालायचा असेल तर हिशेब असा: १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, दाबून ५ सेंटीमीटर म्हणजे १५ घनमीटर. सैल माल सव्वापट धरा, सुमारे १९ घनमीटर, म्हणजे पावणेसात ब्रास. ट्रॉली ३ घनमीटरची असेल तर सहा-सात खेपा, प्रत्येक खेप साधारण १५ मीटरवर रिकामी करा, म्हणजे पातं माल ओढत बसत नाही. एका वेळी सैल थर १५ सेंटीमीटरपेक्षा जाड नको, खालचा भाग दाबला जात नाही.

दाबताना कडेकडून मधे या. मधून सुरुवात केली तर रोलर माल कडेला ढकलतो आणि केलेली पाठ बसते.

बिघाड ओळखणं

लिफ्ट थंड असताना ठीक आणि तासाभराने सुस्त, तर पंप झिजला आहे किंवा तेल पातळ झालं आहे. सुरुवातीलाच सुस्त आणि नंतर बरी, तर फिल्टर तुंबलं आहे. तेलावर फेस म्हणजे सक्शन बाजूला हवा शिरते, दुधाळ रंग म्हणजे पाणी. लिव्हर टोकाला धरून ठेवल्यावर येणारी किंचाळी रिलीफ व्हॉल्व्हची असते, त्या वेळी पंपाची सगळी ताकद तेल तापवण्यात जाते, लगेच सोडा. उचललेलं अवजार इंजिन बंद केल्यावर डोळ्यादेखत उतरत असेल तर लिफ्ट सिलेंडरचे ओ रिंग बघा, आणि तोवर त्याच्याखाली हातही घालू नका.

गळती शोधताना होजवरून हात फिरवू नका. सुईच्या भोकातून येणारी धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण आतलं तेल बोट किंवा हात गमवायला लावू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा, ओला डाग पडेल तिथे गळती. तेल आत शिरल्याची शंका आली तरी त्याच तासात रुग्णालयात जा, आणि दाबाचं तेल शिरलं आहे असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

रुतलेली गाडी किंवा दगड ओढायचा झाला तर साखळी ड्रॉबारलाच. टॉप लिंकच्या जागेला बांधून ओढलं तर ट्रॅक्टर मागे उलटतो, आणि लिव्हरपर्यंत हात जायला वेळ मिळत नाही. रोल बार आणि पट्टा चराच्या कडेने चालताना तर लागतोच.

कटिंग एज पात्याच्या पत्र्यापर्यंत झिजू देऊ नका. दोन धारांची पट्टी असेल तर खालची धार पत्र्यापासून २ सेंटीमीटर उरली की उलटा. मधे झिजलेली पट्टी सरळ फळी लावून ओळखता येते. तिने ओढलेल्या रस्त्यावर प्रत्येक बाजूला वेगळा फुगवटा उठतो आणि कितीही तिरपेपणा बदलला तरी जात नाही. बोल्ट पहिल्या दोन तासांच्या कामानंतर पुन्हा आवळा. हंगाम संपल्यावर अवजार ठेवताना सिलेंडर पूर्ण बंद करा, जो रॉड बाहेर राहील त्याला ग्रीस लावा. रॉडवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तो पुढच्या हंगामात सील कापतो.